मुलाच्या मेंदूत क्रेनिओफॅरिंजिओमा निघाला तर : पहिल्या दिवसापासून काय करायचं

माझी भाची अकरा वर्षांची असताना तिच्या मेंदूतली गाठ काढली. आम्ही ठाणे पूर्वेला कोपरीत राहतो. तिचे आईबाबा तिच्या उशाशी असायचे, त्यामुळे फाइल सांभाळणं, सीडी घेऊन दुसऱ्या मतासाठी फिरणं, रक्तदाते गोळा करणं, योजनेच्या टेबलापुढे रांग लावणं हे सगळं मामा म्हणून माझ्याकडे आलं. त्या दिवसांत कुणी समोर बसवून 'आधी हे, मग ते' असं सांगितलं असतं तर आमचे बरेच दिवस आणि काही चुका वाचल्या असत्या. ज्यांच्या घरात हे नाव आज पहिल्यांदा ऐकू आलंय, त्यांच्यासाठी लिहितोय. मी डॉक्टर नाही. औषधाची मात्रा आणि उपचाराचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच.

एक गोष्ट आम्हाला फार उशिरा कळली, ती आधी सांगतो. घरातल्या सगळ्यांचा जीव ऑपरेशनच्या दिवसात अडकलेला असतो. या गाठीच्या बाबतीत त्यानंतरचा पाण्याचा, रक्तातल्या सोडियमचा (म्हणजे मिठाचा) आणि गोळ्यांचा हिशेब वर्षानुवर्षं चालतो आणि तो घरालाच ठेवावा लागतो. म्हणून आजच एक दोनशे पानी वही आणा. पहिल्या पानावर मुलाचं नाव, रक्तगट, वजन, उंची, कशाची ॲलर्जी असेल तर ती. पुढच्या पानांवर तारीख टाकून रोज जे घडलं ते. आमच्या वहीचा आता चौथा खंड चालू आहे.

ही गाठ नेमकी काय आहे

दोन्ही डोळ्यांच्या मागे, मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. उंची, थायरॉईड, वयात येणं, शरीरातलं पाणी, अंगातला स्टिरॉइड या सगळ्यांवर तिचा ताबा. तिच्या वर हायपोथॅलॅमस, म्हणजे भूक, तहान, झोप यांचं केंद्र. आणि तिथेच दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदून जातात. बाळ पोटात घडत असताना या जागी काही पेशी मागे राहून जातात. त्यांच्यापासून क्रेनिओफॅरिंजिओमा वाढतो.

दरवर्षी दहा लाख लोकांमागे साधारण एक-दोघांनाच ही गाठ होते. मुलांमध्ये ती बहुतेक ५ ते १४ या वयात सापडते. ती कॅन्सर नाही, डॉक्टरांच्या भाषेत ग्रेड १ आहे. पण जागा इतकी अडचणीची की 'साधी गाठ आहे' असं म्हणून कुणी तुम्हाला निश्चिंत करू नये.

नातेवाईक आईला विचारायला लागतात : गरोदरपणात काय खाल्लं होतं, ग्रहण पाळलं होतं का, मोबाइल जास्त दिला का. माझ्या बहिणीला हे प्रश्न आजारापेक्षा जास्त लागले. यातल्या कशानेही ही गाठ होत नाही, आणि हे घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाने सगळ्यांसमोर एकदा स्पष्ट सांगून टाकावं.

कशावरून संशय घ्यायचा

आमच्याकडे दोन वर्षं शाळेचा एकच गणवेश पुरला. वर्गातल्या मुली उंच झाल्या, ही प्रार्थनेच्या रांगेत पहिलीच राहिली. आम्हाला वाटलं, आजीवर गेलीय. सकाळी उठल्यावर डोकं दुखायचं, कधी उलटी व्हायची. आम्ही पित्त म्हणालो. रात्री उशाशी बाटली लागायची आणि दोन-तीनदा लघवीला उठायची. आम्ही उन्हाळा म्हणालो. चष्म्याचा नंबर वर्षात दोनदा बदलला. खो-खो खेळताना बाजूने येणारी मुलगी तिला दिसायची नाही.

वेगवेगळं पाहिलं तर प्रत्येक गोष्टीला कारण होतं. वहीत एका पानावर मांडलं असतं तर कदाचित कुणाच्या तरी लक्षात आलं असतं. म्हणून मुलाची उंची खुंटली आणि सोबत यातलं आणखी काही असेल, तर बालरोगतज्ज्ञांकडून उंचीचा आलेख काढून घ्या. नेत्रतज्ज्ञांना फक्त नंबर काढायला सांगू नका. डोळ्याचा पडदा तपासायला आणि दृष्टीचं क्षेत्र मोजायला सांगा. या गाठीत बाजूचं दिसणं आधी जातं, समोरचा तक्ता मूल नीट वाचून दाखवतं.

मूल गुंगीत जायला लागलं, उलट्या थांबेनात, चालताना तोल जायला लागला, तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. मेंदूतलं पाणी तुंबलेलं असू शकतं. न्यूरोसर्जन असलेल्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत त्याच तासाला न्या. अशा वेळी गाठीला हात लावण्याआधी नळी घालून पाणी काढून देतात.

तपासण्या, आणि त्या का

कॉन्ट्रास्ट देऊन केलेला एमआरआय मुख्य. त्यासोबत साधा सीटी स्कॅन सांगितला तर 'एमआरआय झाला की आता' म्हणून टाळू नका. मुलांमधल्या या गाठीत बहुतेक वेळा कॅल्शियमचे कण असतात आणि ते सीटीत स्पष्ट दिसतात. गाठीचा काही भाग घट्ट, काही पाण्याच्या पिशवीसारखा असतो. त्यातलं पाणी इंजिन ऑइलसारखं काळपट.

रक्ताच्या तपासण्यांची यादी लांब असते. सकाळी आठच्या सुमाराचा कॉर्टिसॉल (अंगातला स्टिरॉइड तो हाच), थायरॉईड, प्रोलॅक्टिन, सोडियम, वाढीचे हार्मोन, शिवाय एएफपी आणि बीटा एचसीजी, म्हणजे काही गाठींच्या रक्तात सापडणाऱ्या खुणा. शेवटच्या दोन बघून आम्ही घाबरलो होतो, पण त्यांना अर्थ आहे. याच जागी होणाऱ्या काही वेगळ्या गाठी गोळ्यांनी किंवा केमोने आटोक्यात येतात, त्यांना हे ऑपरेशन लागत नाही. ती शक्यता आधी बाजूला काढावी लागते.

कॉर्टिसॉल आणि थायरॉईड दोन्ही कमी आले तर आधी हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे त्या स्टिरॉइडची गोळी, सुरू करतात, थायरॉईडची गोळी त्यानंतर. उलट्या क्रमाने दिली तर मूल धोक्यात येऊ शकतं. बाहेरच्या कुणा डॉक्टरांनी नुसता थायरॉईडचा रिपोर्ट पाहून गोळी लिहून दिली, तर ती सुरू करण्याआधी हार्मोनतज्ज्ञांना, म्हणजे एंडोक्रायनॉलॉजिस्टना विचारा.

सीडीचं सांगतो. एमआरआय सेंटरकडून फिल्म आणि रिपोर्टसोबत सीडीच्या दोन प्रती घ्या आणि घरी जाण्याआधी तिथेच कॉम्प्युटरवर उघडून बघा. आमची सीडी परळच्या ओपीडीत उघडली नाही. तीन तास रांगेत थांबून आम्ही परत ठाण्याला आलो आणि पुढचा नंबर आठ दिवसांनी मिळाला.

कुठे जायचं

मुंबईत परळचं केईएम, शीवचं लोकमान्य टिळक, नायर, भायखळ्याचं जेजे या मोठ्या सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांत न्यूरोसर्जरी विभाग आहेत. परळलाच मुलांचं वाडिया आहे. ठाणे-नवी मुंबईतही मोठी खासगी रुग्णालयं आहेत, नेरूळला वैद्यकीय महाविद्यालयाचं आहे. खारघरला टाटा मेमोरियल सेंटरचं ॲक्ट्रेक हे कॅन्सर उपचार आणि संशोधन केंद्र आहे, त्याबद्दल पुढे. कोणतं सर्वांत चांगलं, हे मी सांगणार नाही. चार गोष्टी मात्र विचारून घ्या, आणि उत्तरं वहीत लिहा.

अशा गाठींची ऑपरेशनं इथे नेहमी होतात का? नाकातून दुर्बिणीने करणारं पथक आहे का, कान-नाक-घसा तज्ज्ञासकट? मुलांचा हार्मोनतज्ज्ञ ऑपरेशनच्या आधीपासून केसमध्ये असेल का? आणि रात्री दोन वाजता पाठवलेल्या सोडियमचा रिपोर्ट किती वेळात हातात येतो? चौथा प्रश्न विचारल्यावर एका ठिकाणी डॉक्टर क्षणभर माझ्याकडे बघत राहिले, मग खुर्ची पुढे ओढून नीट बोलायला लागले. ऑपरेशननंतरचे पहिले दहा दिवस त्या एका आकड्यावर चालतात.

अंतराचाही विचार करा. फेऱ्या पुढे कित्येक वर्षं असतात. घोडबंदर रोडवरून दर पंधरा दिवसांनी परळ गाठणं आणि ठाण्याहून पनवेल लोकलने सरळ खारघरला उतरणं यात मुलाच्या अंगावर येणारा थकवा वेगळा असतो.

पैशांचं

ऑपरेशन ठरायच्या आधी हे करायला घ्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या आता राज्यात एकत्र चालतात. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळतं, आणि फक्त पिवळ्या-केशरी कार्डालाच मिळतं हा समज जुना झाला. योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' म्हणून टेबल असतं. रेशनकार्ड, मुलाचं आणि पालकांचं आधार, एमआरआय रिपोर्ट, डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन तिथे भरती होण्याआधीच जा. योजना कॅशलेस आहे, आधी पैसे भरून नंतर मागू म्हटलं तर अडकाल. रेशनकार्डावर मुलाचं नाव चढवलेलं नसणं ही नेहमीची अडचण. ते काम आजच शिधावाटप कार्यालयात करून टाका. योजनेची हेल्पलाइन १५५३८८.

रुग्णालय योजनेत नसेल, पण धर्मादाय ट्रस्टचं असेल, तर कायद्याने त्याला १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकांना भेटा. आम्हाला हे त्यांनीच सांगितलं, बिलाच्या काउंटरवर कुणी सांगितलं नव्हतं. मुख्यमंत्री सहायता निधीसाठीही रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं, ते सही-शिक्क्यासकट घेऊन ठेवा.

सर्जनना काय विचारायचं

दोन वाटा असतात. गाठ ग्रंथीच्या आसपास असेल तर नाकातून दुर्बिणीने, वर किंवा बाजूला पसरली असेल तर कवटी उघडून. हे गाठीच्या आकारावरून आणि मुलाच्या वयावरून ठरतं. नाकातलं 'छोटं' आणि डोक्याचं 'मोठं' असं मनात धरू नका, दोन्ही मोठीच आहेत.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न : पूर्ण काढणार की थोडी ठेवणार? घरात सगळ्यांना वाटतं, मुळासकट गेली पाहिजे. मलाही वाटलं होतं. गाठ हायपोथॅलॅमसला चिकटलेली असेल तर ती ओरबाडून काढण्यात मुलाची भूक, झोप, स्वभाव, आठवण कायमची बिघडू शकते. अशा वेळी सुरक्षित तेवढी काढून उरलेल्या भागाला रेडिएशन देतात. म्हणून सर्जन 'थोडी ठेवू' म्हणाले तर त्यांना जमत नाही असा अर्थ काढू नका; एमआरआयवर नेमकं कुठे चिकटली आहे ते दाखवायला सांगा. आमच्या डॉक्टरांनी पेनाने कागदावर चित्र काढून दाखवलं. तो कागद अजून फाइलमध्ये आहे.

नजर किती वाचेल हेही सरळ विचारा. ऑपरेशनच्या आधी दृष्टिक्षेत्राचा रिपोर्ट झालेला असू द्या, नाहीतर नंतर तुलना कशाशी करणार?

भरती आणि तो दिवस

रक्त आधी. ब्लड बँक किती बाटल्या राखून ठेवणार ते विचारा आणि दाते तयार ठेवा. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, पुरुषाने मागच्या तीन महिन्यांत आणि बाईने चार महिन्यांत रक्त दिलेलं नसावं. सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला तर माणसं येतात. आमच्याकडे तलावपाळीच्या व्यायामशाळेतली सहा मुलं आली. सगळ्यांना एकाच दिवशी बोलवू नका.

मुलाला खोटं सांगू नका. 'डोळे तपासायला जातोय' सांगून नेलेलं मूल आयसीयूत नळ्यांमध्ये जागं झालं तर पुन्हा कुणावर विश्वास ठेवत नाही. भाचीला तिच्या बाबांनी सांगितलं : डोक्यात एक गाठ आहे, ती काढायची, तू झोपलेली असशील, उठशील तेव्हा आई तिथे असेल. तिने केस कापणार का एवढंच विचारलं.

उपाशी कधीपासून ठेवायचं हे भूलतज्ज्ञ सांगतील, तेवढंच पाळा. ऑपरेशन सहा तास चालू शकतं, दहाही. बाहेर दोघांनीच थांबा आणि एकाने जेवून घ्या. औषधांची चिठ्ठी कधीही येते, त्यामुळे जवळ थोडी रोख रक्कम आणि चार्ज केलेला फोन ठेवा.

आयसीयूतले दहा दिवस

पिट्युटरीतून लघवी आवरणारं हार्मोन येतं. ऑपरेशननंतर ते बहुतेकदा थांबतं आणि मूल पाण्यासारखी लघवी करत राहतं. जुन्या भाषेत याला डायबेटिस इन्सिपिडस म्हणतात. साखरेच्या डायबेटिसशी याचा काही संबंध नाही. सिस्टर दर तासाला लघवी मोजतात. ३० किलोच्या मुलाला तासाला १२० मिलीपेक्षा जास्त लघवी सलग होत राहिली तर डॉक्टर सावध होतात आणि रक्तातलं सोडियम बघतात. ते १३५ ते १४५ च्या आत राहायला हवं.

इथे एक फसवा टप्पा येतो. पहिले काही दिवस लघवी खूप, मग साधारण पाचव्या-सहाव्या दिवसाच्या पुढे ती एकदम कमी होते. घरचे म्हणतात, 'बरी झाली!' प्रत्यक्षात ग्रंथीत साठलेलं हार्मोन एकदम बाहेर पडत असतं, सोडियम घसरतं आणि फिट येऊ शकते. काही दिवसांनी पुन्हा लघवी सुटते, आणि मग ते बऱ्याचदा कायमचं असतं. या मधल्या दिवसांत मूल सुस्त झालं, डोकं धरून बसलं, उलटी झाली तर सिस्टरना लगेच सांगा. भेटायला आलेल्या माणसांनी प्रेमाने नारळपाणी, सरबत पाजू नये. प्रत्येक घोटाचा हिशेब असतो.

नाकातून ऑपरेशन झालं असेल तर नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवायचं, स्ट्रॉने प्यायचं नाही. वाकल्यावर नाकातून पातळ, स्वच्छ, खारट पाणी गळलं तर ती सर्दी नाही. मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं. ताबडतोब सांगा.

डिस्चार्ज घेताना

घाई इथे होते. सगळ्यांना घरी जायचं असतं. आम्ही घरी येऊन कागद वाचला तेव्हा हायड्रोकॉर्टिसोनची संध्याकाळची मात्रा त्यात लिहिलेलीच नव्हती. म्हणून कागद वॉर्डमध्ये बसून वाचा. प्रत्येक गोळी, वेळ, मात्रा. ताप आल्यावर काय करायचं. उलटी झाल्यावर काय करायचं. रात्री कोणत्या नंबरवर फोन करायचा. बायोप्सीचा रिपोर्ट कधी मिळणार. पुढचा सोडियम कधी.

हायड्रोकॉर्टिसोनबद्दल जरा जास्त लिहितो, कारण जीव इथे जातो. ज्या मुलाचं शरीर स्वतः स्टिरॉइड बनवत नाही, त्याची ही गोळी एक दिवसही बंद करायची नसते. 'स्टिरॉइड वाईट' म्हणून शेजारी काही सांगतील, ऐकू नका. जे शरीरात नाही तेवढंच आपण भरून काढतोय. ताप, अपघात, दात काढणं, दुसरं कुठलंही ऑपरेशन अशा वेळी मात्रा वाढवावी लागते, सहसा दुप्पट किंवा तिप्पट. तो नियम डॉक्टरांकडून सहीनिशी लिहून घ्या. मूल उलट्या करत असेल तर गोळी पोटात टिकत नाही, मग इंजेक्शन लागतं. ते घरात ठेवा आणि मांडीत कसं द्यायचं हे घरातल्या दोघांनी सिस्टरकडून शिकून घ्या.

दुसरं औषध डेस्मोप्रेसिन, थांबलेल्या हार्मोनच्या जागी ते लघवी आवरतं. ते जास्त झालं आणि वर पाणीही जास्त गेलं तर सोडियम पडतं. आम्हाला सांगितलेला नियम असा की मधे एकदा लघवी मोकळी होऊ द्यायची, मग पुढचा डोस. मुलाला तहान नीट लागत असेल तर तहानेएवढंच पाणी. तहानच लागत नसेल तर डॉक्टर रोजचं माप ठरवून देतात आणि रोज सकाळी वजन घ्यावं लागतं. हे औषध प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही. ठाण्यातली दोन दुकानं हेरून ठेवा आणि आठवड्याचा साठा उरला की नवं आणा.

भूक. काही मुलांना ऑपरेशननंतर पोट भरल्याची जाणीवच होत नाही. वजन भराभर वाढतं. मूल रात्री डबे उघडतं, आणि घरात 'हावरट' हा शब्द येतो. तो येऊ देऊ नका. त्या जागेला झालेली इजा आहे ती. डबे वर ठेवा, सगळ्यांनी एकत्र एकच जेवण जेवा, आहारतज्ज्ञांना लवकर भेटा.

रेडिएशन लागलं तर

गाठ उरली असेल किंवा परत वाढली तर साधारण सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस रेडिएशन देतात. चेहऱ्याच्या मापाचा जाळीदार मास्क करतात म्हणजे डोकं हलत नाही. दुखत नाही. खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये २०२३ पासून प्रोटॉन उपचार सुरू आहेत. प्रोटॉनचा किरण ठरावीक खोलीवर थांबतो, त्यामुळे पलीकडच्या निरोगी मेंदूला कमी झळ लागते, म्हणून वाढत्या वयाच्या मुलांसाठी त्याचा विचार होतो. प्रत्येकाला लागतोच असं नाही. रेडिएशनतज्ज्ञांना विचारून ठरवा. दूरच्या गावाहून आलेल्या कुटुंबांनी राहण्याच्या सोयीबद्दल तिथल्या समाजसेवा विभागात आधी चौकशी करावी, खारघरमध्ये भाड्याची खोली शोधत फिरण्याआधी.

शाळा

मुख्याध्यापकांना आणि वर्गशिक्षकांना प्रत्यक्ष भेटा, सोबत डॉक्टरांचं पत्र. दोन परवानग्या मागा : बाकावर पाण्याची बाटली आणि न विचारता लघवीला जाणं. दिसणं कमी झालं असेल तर कोणत्या बाजूचं कमी आहे ते सांगा, म्हणजे बसायची जागा ठरेल. नजर बरीच गेली असेल तर जिल्हा शासकीय रुग्णालयातून दिव्यांग प्रमाणपत्र काढा. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक यासाठी ते लागतं. भाचीने दप्तराच्या पुढच्या कप्प्यात प्लास्टिकमध्ये एक कार्ड ठेवलंय : 'मला रोज हायड्रोकॉर्टिसोन लागतं. मी बेशुद्ध किंवा उलट्या करत असेन तर लगेच इंजेक्शन द्या आणि या नंबरवर फोन करा.'

पहिला एमआरआय साधारण तीन महिन्यांत, मग काही काळ दर सहा महिन्यांनी, पुढे वर्षाने. ही गाठ परत येते, त्यामुळे मूल धावत-खेळत असलं तरी तारीख चुकवू नका. नव्या एमआरआयला जाताना जुन्या सगळ्या सीडी न्या.

गणपतीला गावी जाताना आम्ही दुप्पट दिवसांची औषधं घेतो, अर्धी आईच्या पर्समध्ये, अर्धी माझ्या बॅगेत. इंजेक्शन, सिरिंज, कार्डाची झेरॉक्स, वही. गावाजवळच्या कोणत्या रुग्णालयात रात्री सोडियम होतो, हे निघायच्या आधी फोन करून विचारतो. मागच्या वर्षी तो फोन भाचीने स्वतः केला.